अश्वत्थाम्याची जखम

नर्मदेच्या काठी आणि सातपुड्याच्या रानात अद्यापि एक कथा सांगतात. परिक्रमावासी तिन्हीसांजेस धुनीपाशी बसले असतां एक उंचापुरा, मलिन वस्त्रांतला पुरुष अंधारातून पुढे येतो, कपाळावरची चिंधी सावरीत थोडेसे तेल मागतो, आणि ते घेऊन जसा आला तसा नाहीसा होतो. तो अश्वत्थामा होय. भारतीय युद्धाच्या अखेरीस त्याच्या मस्तकावरचा मणी गेला. तेथे जी जखम राहिली ती भरून येत नाही, आणि तो मरतही नाही. लहानपणी ही कथा ऐकताना आम्हांस भय वाटे ते त्या पुरुषाचे. आता वय झाल्यावर वाटते ते त्या जखमेचे. कोणत्याही जुन्या, न मिटणाऱ्या दुःखास आपण मराठीत ‘भळभळती जखम’ म्हणतो; परंतु मूळची जखम मस्तकास झालेली होती, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात राहत नाही.

युद्धात मस्तक फुटलेल्या मनुष्यास वैद्याने वाचवावे कसे, आणि वाचविल्यावर त्या मनुष्याचे पुढे काय होते, ह्या दोन प्रश्नांचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढे ठेवणार आहोत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत बरेच सापडले आहे. दुसऱ्याकडे जगाचे लक्ष त्या मानाने थोडे गेले आहे.

ह्या विषयावरील उपलब्ध लेखांत फार जुना असा एक लेख ईजिप्त देशातील आहे. १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लक्सर येथे पपायरसाची एक गुंडाळी विकत घेतली, आणि १९३० साली ब्रेस्टेड ह्या पंडिताने तिचे भाषांतर प्रसिद्ध केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या ह्या गुंडाळीत ४८ रोग्यांची हकीकत असून त्यांपैकी २७ मस्तकाच्या जखमांचे आहेत. प्रत्येक रोग्याची तपासणी सांगून झाल्यावर वैद्य तीनपैकी एक निकाल देतो: हा उपचार करण्याजोगा, हा झुंज देऊन पाहण्याजोगा, आणि हा उपचार न करण्याजोगा. कवटी फुटून मेंदूचे आवरण फाटले की निकाल बहुधा आशेचा नसे. आम्हांस त्या अनामिक वैद्याचा सच्चेपणा फार आवडतो. जे आपल्या हातचे नाही ते नाही म्हणून त्याने लिहून ठेविले. पुढील सर्व इतिहास म्हणजे त्या तिसऱ्या निकालाची सीमा कोठवर मागे सरली, ह्याचाच इतिहास होय.

ती सीमा हजारो वर्षे फारशी सरली नाही. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले तेव्हा जंतुनाशके होती, भूल देण्याची विद्या होती, क्ष-किरणांची यंत्रेही होती. परंतु खंदकांच्या युद्धात सैनिकाचे धड मातीआड आणि मस्तक मातीवर, असा प्रकार झाला. आरंभी शिपायांच्या डोक्यावर कापडी टोप्याच होत्या. फ्रेंचांनी १९१५ साली पोलादी शिरस्त्राण काढले आणि ब्रिटिशांनी त्यांचे अनुकरण केले. तोवर तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी जी मस्तके फुटली त्यांचे पुष्कळ ठिकाणी एकच होई. घाईघाईने जखम उघडावयाची, बोटाने आतील तुकडा चाचपावयाचा, हाडाच्या कपच्या एकेक करून उचकटावयाच्या आणि जखम उघडीच ठेवावयाची. मग आत पू होई, सुजलेला मेंदू त्या भोकातून बाहेर येऊ लागे, आणि शस्त्रक्रियेतून वाचलेला मनुष्य दोन-तीन आठवड्यांनी जाई.

ह्या कथेत येथे डॉ. हार्वे कुशिंग ह्यांचा प्रवेश होतो. १८६९ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी जन्मलेले हे शस्त्रवैद्य महायुद्धापूर्वीच मेंदूच्या शस्त्रक्रियेबद्दल जगप्रसिद्ध झाले होते. मेंदूतील रक्तस्राव थांबविण्यासाठी चांदीच्या चिमुकल्या चापांची युक्ति त्यांनी १९११ साली प्रसिद्ध केली होती. स्वभावाने ते कडक, हट्टी आणि अत्यंत नेटके. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांना त्यांचा धाक वाटे. १९१५ साली ते प्रथम काही आठवड्यांकरिता फ्रान्समध्ये पॅरिसजवळील न्यूली येथे गेले. तेथील एका जखमीच्या मेंदूत खोल रुतलेला पोलादी तुकडा विद्युच्चुंबकाने ओढून काढण्याचा त्यांनी खटाटोप चालविला. मुद्दाम घडविलेल्या सळ्यांनी काम होईना. अखेर टोक घासून गोल केलेला एक साधा लांब खिळा चुंबकास जोडून आत सोडला, आणि त्याबरोबर तो तुकडा बाहेर आला. मोठ्या विद्येस कधी कधी सुताराच्या पेटीतील वस्तूचा आधार घ्यावा लागतो तो असा.

कुशिंग ह्यांचे खरे कार्य मात्र १९१७ सालचे. त्या वर्षी ३१ जुलैस बेल्जममधील ईप्र गावाजवळ ब्रिटिशांनी मोठी चढाई आरंभिली. पाऊस लागला, भूमीचा चिखल झाला, आणि पाशेंडेलच्या त्या चिखलात नोव्हेंबरपर्यंत लाखो माणसे पडली. आघाडीमागे काही मैलांवर तंबू आणि लाकडी झोपड्यांचे रुग्णतळ उभारले होते. त्यांना सैनिकांनी विनोदाने गावांसारखी नावे दिली होती: मेंडिंगहेम, डोझिंगहेम, बॅंडेजहेम. कानास ही फ्लेमिश गावे वाटतात, परंतु इंग्रजीत त्यांचा अर्थ ‘ह्यांची डागडुजी’, ‘ह्यांना औषध’ आणि ‘ह्यांना मलमपट्टी’ असा निघतो. मेंडिंगहेम येथील ४६ क्रमांकाच्या तळावर कुशिंग ह्यांनी आपले टेबल मांडले.

त्यांची रीति इतरांहून निराळी होती, आणि प्रत्येक निराळेपणास कारण होते. ते पुरती भूल देत नसत. नोवोकेन टोचून केवळ कातडी बधिर करीत. ईथरच्या भुलेत मेंदूत रक्त दाटते व तो फुगतो, हे त्यांना ठाऊक होते. रोगी जागा राही आणि प्रश्नाचे उत्तर देई. हाडाच्या कपच्या एकेक उचकटण्याऐवजी ते जखमेभोवती छिद्रे पाडून फुटलेला भाग सबंध उचलून काढीत, म्हणजे मळ आत लोटला जात नसे. आत बोट घालणे त्यांनी वर्ज्य केले. बोटाऐवजी रबराची मऊ नळी आणि तिच्या टोकास रबरी फुगा. त्या नळीने मेंदूचा चेंदा झालेला, मेलेला अंश ते हलकेच शोषून घेत. जिवंत मेंदू त्या ओढीस दाद देत नाही, मेलेला देतो. आणि वाटेत हाडाची कपची असली तर नळीच्या स्पर्शास ती कळते. तुकडे निघाले की जखम धुवून कातडी पूर्णपणे शिवून टाकावयाची. उघडी ठेवावयाची नाही. ह्या सर्वास सुमारे दोन तास लागत, आणि दिवसरात्र राबूनही त्यांच्या टेबलावरून आठाच्या आसपासच रोगी जात. बाहेर स्ट्रेचरांची रांग वाढत असे.

ह्या रांगेचा विचार केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. दोन तास एकास दिले म्हणजे ते दुसऱ्या कोणास तरी दिले नाहीत. घाईची शस्त्रक्रिया पुष्कळांस करावी, की पूर्ण शस्त्रक्रिया थोड्यांस, हा हिशेब करताना कोणाही सहृदय मनुष्याचा हात कापेल. कुशिंग ह्यांचे उत्तर असे की अर्धवट शस्त्रक्रिया ही मुळी शस्त्रक्रियाच नव्हे. पहिल्याच वेळी, एकाच हाताने, शेवटपर्यंत नेलेले काम तेवढे रोग्यास वाचविते. हे मत त्यांनी केवळ ठासून सांगितले नाही, आकड्यांनी दाखविले. प्रत्येक रोग्याची टिपणे ते रात्री बसून लिहीत. १९१८ साली त्यांनी आपला अहवाल ब्रिटिश शस्त्रवैद्यकाच्या नियतकालिकात छापला. मेंदूचे आवरण भेदून गेलेल्या जखमांचे मृत्युमान आरंभी शेकडा ५४.५ होते, तीन महिन्यांअखेर ते शेकडा २८.८ वर आले. तोच चिखल, तेच तोफगोळे, तेच झोपडीचे छप्पर. बदलली होती ती केवळ रीति.

ह्याच तीन महिन्यांतील एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. २९ ऑगस्ट रोजी कुशिंग ह्यांना डोझिंगहेमच्या तळावरून बोलावणे आले. त्यांचे परमस्नेही आणि गुरुस्थानी असलेले सर विल्यम ऑस्लर ह्यांचा एकुलता मुलगा रेव्हीर तोफगोळ्याने जखमी होऊन तेथे आला होता. जखमा छातीस व पोटास होत्या. इतर शस्त्रवैद्यांनी रात्री शस्त्रक्रिया केली, कुशिंग जवळ होते. परंतु ३० तारखेस सकाळी तो एकवीस वर्षांचा तरुण वारला. त्याचे दफन पाहून कुशिंग आपल्या टेबलाकडे परतले. पुढे त्यांनी सर विल्यमचे दोन खंडांचे चरित्र लिहिले आणि त्यास १९२६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या चरित्राची पाने उलटताना आमच्या मनात ती रात्र असते. जे हात अनोळखी मुलांस मृत्यूच्या दारातून ओढून आणीत होते, त्यांना स्नेह्याच्या मुलाजवळ केवळ उभे राहावे लागले.

आता थोडे पूर्वेकडे वळू. कुशिंग ह्यांचे यश ज्या पायावर उभे होते तो पाया त्यांचा नव्हता. आघाडीपासून तळापर्यंत मोटारी होत्या, तळापासून समुद्रापर्यंत आगगाड्या होत्या. जखमी काही तासांत टेबलावर येई. दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९१५ मध्ये, बगदादजवळ टेसिफोन येथे जी लढाई झाली तीत सहावी पुणे डिव्हिजन लढत होती, आणि तीत मराठा पलटणी होत्या. कोकणातील आणि देशावरील पोरे तेथे हजारोंच्या संगतीने पडली. त्यांस उचलून नेण्यास पुरेशा रुग्णवाहिका नव्हत्या. स्प्रिंगा नसलेल्या सामानाच्या खटाऱ्यांत घालून त्यांना खाचखळग्यांतून नदीवर आणले, आणि तेथून गर्दीने भरलेल्या बोटींतून ती कित्येक दिवसांनी बसऱ्यास पोचली. १९१७ साली विलायतेत प्रसिद्ध झालेल्या चौकशी-मंडळाच्या अहवालाने ह्या व्यवस्थेवर कडक ताशेरे झाडले. कवटी फुटलेल्या मनुष्यास अशा खटाऱ्यात काय झाले असेल ते सांगावयास नको. तेथे त्या तिसऱ्या निकालासाठी वैद्याची गरजच राहिली नाही. तो वाटेनेच दिला. शस्त्रवैद्याचा हात कितीही कुशल असो, जखमी त्याजपर्यंत पोचला पाहिजे, हा धडा फ्लॅंडर्सपेक्षा मेसापोटेमियाने अधिक कठोरपणे शिकविला आहे.

दुसऱ्या महायुद्धात हा धडा ज्यांनी अमलात आणला ते डॉ. ह्यू केर्न्स कुशिंग ह्यांचेच शिष्य. जन्माने ऑस्ट्रेलियन, बॉस्टनला कुशिंग ह्यांजपाशी शिकून ते इंग्लंडात आले आणि १९३७ साली ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. मे १९३५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात सापडलेल्या टी. ई. लॉरेन्स ह्यांच्या उपचारासाठी जे वैद्य बोलाविले त्यांत केर्न्स होते. अरबस्तानच्या युद्धातून जिवंत परतलेला तो पुरुष घराजवळच्या रस्त्यावर डोक्यावर आपटून सहा दिवसांनी वारला. ह्या मृत्यूने केर्न्स ह्यांच्या मनात घर केले. युद्ध लागल्यावर निरोप्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांची त्यांनी मोजदाद केली, १९४१ साली ती छापली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांस शिरस्त्राण सक्तीचे झाले. आमच्या पुणेकर बंधूंनी हेल्मेटसक्तीविरुद्ध मोठ्या हिरिरीने मोर्चे काढले आहेत. त्यांच्या वादचातुर्याविषयी आम्हांस आदर आहे, परंतु केर्न्स ह्यांच्या मोजदादीस त्यांच्यापाशी उत्तर असेल असे वाटत नाही.

केर्न्स ह्यांनी दोन गोष्टी केल्या. ऑक्सफर्डमधील सेंट ह्यूज हे मुलींचे कॉलेज १९४० साली केवळ मस्तकाच्या जखमांचे लष्करी रुग्णालय झाले, आणि युद्ध संपेपर्यंत तेथे सुमारे तेरा हजार रोगी आले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जखमी शस्त्रवैद्याकडे येण्याची वाट पाहू नये, शस्त्रवैद्याने जखमीकडे जावे, म्हणून त्यांनी फिरती शस्त्रक्रिया-पथके उभारली. मोटारींत टेबल, दिवे, शोषणयंत्र आणि शिकविलेली माणसे घालून ती पथके सैन्यामागून फिरू लागली. १९४३ साली केर्न्स आणि फ्लोरी हे नवे औषध पेनिसिलीन घेऊन उत्तर आफ्रिकेत गेले. मेंदूच्या जखमेत पू होणे, हा जो कुशिंग ह्यांचाही शेवटचा शत्रु, त्याचे बळ ह्या औषधाने पुष्कळच खच्ची झाले. पुढे १९५० साली कोरियात युद्ध पेटले तेव्हा अमेरिकन सैन्यानेही असेच फिरते विभाग आघाडीजवळ नेले, आणि जखमींस तेथे आणावयास हेलिकॉप्टर आले.

ह्यानंतर इतिहासास एक वळण मिळते ते संयमाचे. महायुद्धापासून व्हिएतनामपर्यंत नियम असा की आत राहिलेली हाडाची प्रत्येक कपची काढलीच पाहिजे. फोटोत एखादी दिसली तर पुन्हा मस्तक उघडावे. १९८२ साली लेबनॉनमध्ये लढलेल्या इस्रायली सैन्याच्या वैद्यांनी खोल रुतलेल्या कपच्यांचा पाठलाग सोडून दिला, आणि काही वर्षांनी हिशेब केला तेव्हा राहिलेल्या कपच्यांमुळे जंतुदोष किंवा फेफरे वाढल्याचे दिसले नाही. उलट त्या शोधताना चांगला मेंदू दुखावला जातो. काय काढावे हे कळावयास एक पिढी लागली. काय काढू नये हे कळावयास आणखी दोन.

आजची रीति मात्र पाहणाऱ्यास धाडसाची वाटते. जखमेनंतर मेंदू सुजतो, आणि कवटी बंद पेटीसारखी असल्याने सूज आतल्या आत मेंदूस चिरडते. म्हणून कवटीचा तळहाताहून मोठा तुकडा काढून ठेवावा, सूज ओसरू द्यावी, आणि काही महिन्यांनी तो तुकडा वा धातूची पत्री बसवावी. दाब कमी करण्याची ही कल्पना कुशिंग ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडली होती. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत ती नित्याची झाली. अमेरिकन वार्ताहर बॉब वुडरफ हे २९ जानेवारी २००६ रोजी इराकमध्ये सुरुंगाने जखमी झाले, ३६ दिवस बेशुद्ध होते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आपल्या कामावर दिसले. ऑक्टोबर २०१२ मध्ये स्वात खोऱ्यात शाळेच्या गाडीत गोळी लागलेल्या मलाला युसुफझाई ह्या मुलीच्या कवटीचा तुकडा पेशावरच्या लष्करी शस्त्रवैद्यांनी ह्याच रीतीने काढला, आणि तो तिच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेविला. पुढे इंग्लंडात तिच्या मस्तकास टायटॅनियमची पत्री बसविली. ईजिप्तच्या त्या वैद्याने हे पाहिले असते तर आपली गुंडाळी दुरुस्त केली असती.

येथे लेख संपविला असता तर वाचकांस समाधान झाले असते. परंतु दुसरा प्रश्न राहिला आहे. रशिया-जपान युद्धानंतर इनोउये तात्सुजी नावाच्या तरुण जपानी नेत्रवैद्याकडे काम आले ते असे: गोळी मेंदूतून आरपार जाऊन जिवंत राहिलेल्या शिपायांची दृष्टि किती गेली ते मोजावयाचे, म्हणजे पेन्शन ठरेल. ते मोजता मोजता मेंदूच्या मागील भागात दृष्टीचा नकाशा कसा पसरला आहे हे त्याने शोधून काढले व १९०९ साली छापले. विज्ञानाचा हा मोठाच लाभ. तथापि त्या नकाशातील प्रत्येक रेघ कोणा तरी घरी परतलेल्या मुलाच्या अंधाराची रेघ आहे. अमेरिकेने व्हिएतनामच्या युद्धात मेंदूची जखम झालेल्यांचा पुढे मागोवा ठेविला. पंधरा वर्षांनी तपासलेल्या ४२१ जणांपैकी शेकडा ५३ जणांस फेफरे जडले होते.

सर्वांत बोलका साक्षीदार रशियन आहे. झासेत्स्की नावाचा तरुण अधिकारी २ मार्च १९४३ रोजी स्मोलेन्स्कच्या आघाडीवर डाव्या बाजूस मस्तकात गोळी लागून पडला. शस्त्रवैद्यांनी त्यास वाचविले. त्यांच्या नोंदीत तो यशस्वी रोगी. पण जाग आल्यावर त्यास उजवीकडचे जग दिसेना. शब्द आठवत नसत, वाचता येत नसे, आपल्याच गावात घर सापडत नसे. एक मात्र उरले होते: हात न उचलता लिहीत गेले तर अक्षरे आपोआप उमटत. लिहिलेले त्यास स्वतःस वाचता येत नसे. अशा स्थितीत त्याने सुमारे पंचवीस वर्षे रोज थोडे थोडे लिहून तीन हजार पानांचे टिपण केले, आणि ‘मी लढत राहीन’ अशा आशयाचे नाव त्यास दिले. मानसशास्त्रज्ञ लुरिया ह्यांनी ते १९७१ साली जगापुढे आणले. इतकी वर्षे त्यास सांभाळले ते त्याच्या आईने आणि बहिणींनी.

हा अश्वत्थामा नव्हे काय? फरक एवढाच की तो शापित नव्हता, अपराधीही नव्हता. युद्धातील वैद्यकाच्या विजयाची वार्ता वाचताना इतके टक्के वाचले, असा आकडा असतो. तो खोटा नसतो, आणि त्यामागे मेंडिंगहेमच्या झोपडीतील रात्री असतात. त्यास आम्ही नमस्कार करतो. परंतु तो आकडा जेथे संपतो तेथून पुढचा हिशेब शस्त्रवैद्याचा नसून घराचा, शेजाऱ्यांचा आणि राज्याचा असतो. ज्या समाजाने त्या मुलास आघाडीवर धाडले त्यानेच तो चुकता करावयाचा आहे. नर्मदेकाठच्या कथेत तेल मागणारास कोणी जखमेचा इतिहास विचारीत नाहीत, आणि रिकाम्या हातानेही परत पाठवीत नाहीत. कथा सांगणाऱ्या आमच्या अडाणी म्हातारीस ह्या भागाचे महत्त्व पुरते कळले होते. दर वेळी ती तो दोनदा सांगे.